अडलें कीं अडविलें?

एका व्याख्यानाच्या निमित्तानें छत्रपति संभाजीनगराहून जालन्यास जात असतां बदनापूर येथें भर दुपारीं सुमारें दोन तास रस्त्यावर उभें राहण्याचा योग अलीकडेच आम्हांस आला. प्रसंग इतका साधा आहे कीं, या रस्त्यानें ये-जा करणाऱ्या वाचकास त्यांत सांगण्यासारखें काय आहे असें वाटेल. तसें वाटतें हीच आमची पहिली तक्रार आहे. गेलीं तीस वर्षें आम्ही महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आहों. रस्ते, वाहनें आणि पोलीस-बंदोबस्त हे आमचे विषय नव्हत. परंतु त्या दोन तासांत जे शब्द आमच्या कानांवर पडले आणि दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रांत जे वाचावयास मिळाले, त्या दोहोंतील अंतर पाहून हा विषय आमचाही आहे अशी आमची खात्री झाली.

आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. आमची एस्. टी. गांवांत शिरली ती शिरलीच. पुढें सरण्याचें नांव घेईना. वाहकानें खिडकींतून मान बाहेर काढून "पुढं जाम हाय" असें जाहीर केलें. आमच्या पुढच्या बाकावर महाविद्यालयांत जाणाऱ्या दोन मुली होत्या. त्यांतील एकीनें घरीं फोन करून "आई, जाम ट्रॅफिक आहे गं," असें कळविलें. शेजारीं मोसंबीनें भरलेला एक टेंपो उभा होता. त्याचा चालक "समदा रोड पॅक झालाय" म्हणून कपाळाला हात लावून बसला. मांडीवर नातवंड घेतलेल्या एक आजी "कवाचा खोळंबा झालाय बाई," असें स्वतःशींच म्हणत होत्या. एक वृद्ध शेतकरी मात्र स्वस्थ बसेनात. वाहक त्यांना म्हणाला, "बाबा, बसा की खाली. गाडी आडलीय." म्हातारबुवा तेवढ्यांत खालीं उतरून पुढें पाहून आले होते. ते म्हणाले, "आडली न्हाई रं लेकरा. आडवलीय."

आम्हीं कुतूहलानें विचारलें, "कोणीं अडविली, बाबा?" आमचा चष्मा आणि हातांतील पुस्तकें पाहून त्यांनीं आम्हांस केव्हांच मास्तर ठरविलें होतें. "या की मास्तर खाली, दावतो," म्हणून ते आम्हांस घेऊन गेले.

पुढें जाऊन पाहतों तों जालन्याकडील लोखंडी सळया भरलेला एक ट्रक कणा मोडून डाव्या बाजूस उभा. त्याच्या शेजारून एक वाहन जाण्यापुरती वाट शिल्लक होती, आणि एकामागून एक गेलीं असतीं तर सर्व वाहनें पंधरा-वीस मिनिटांत पार झालीं असतीं. परंतु चार मोटारींच्या मालकांस रांगेंत थांबणें कमीपणाचें वाटलें. दुभाजकाच्या फटींतून त्या पलीकडच्या बाजूस घुसल्या आणि समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर जाऊन उभ्या राहिल्या. आतां ना यांना पुढें जातां येई ना त्यांना. त्यांच्याही पलीकडे मिठाईच्या एका दुकानासमोर दोन गाड्या निवांत उभ्या होत्या. त्यांचे धनी दुकानांत होते. पार मागें एक रुग्णवाहिका आक्रोश करीत होती. अशा स्थितींत त्या चार मोटारींपैकीं पहिलीचा मालक गाडीला टेकून फोनवर कोणास तरी सांगत होता, "अहो, ट्रॅफिकमध्ये अडकलोय. उशीर होईल." म्हातारबुवांनीं आमच्याकडे पाहिलें. "ऐकलं का?" एवढेंच ते म्हणाले.

पुढें तो टेंपोवाला, हे बाबा आणि बाजारांतील पांचसहा तरुण यांनीं मिळून एकेक मोटार मागें घ्यावयास लावली आणि सर्वांत आधीं रुग्णवाहिका काढून दिली. तिच्यांत कोण होतें आणि तें वेळेवर पोंचलें कीं नाहीं, हें आम्हांस आजतागायत समजलेलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं एका वृत्तपत्रांत या प्रसंगाच्या चार ओळी आल्या. वाहतूक कोंडी झाली, वाहनांच्या रांगा लागल्या, प्रवाशांचे हाल झाले, आणि कांहीं वेळानें वाहतूक सुरळीत झाली, एवढाच त्यांचा मतितार्थ. क्रियापदें पाहावीं: झाली, लागल्या, झाले, झाली. जणूं पाऊस झाला, आंब्याला मोहोर लागला आणि ऊन पडलें! ज्यांनीं रस्ता अडविला ते त्या 'झाली'च्या आडून सुखरूप निसटले. आणि ज्यांनीं घाम गाळून तो मोकळा केला, त्यांनाही 'सुरळीत झाली' या दोन शब्दांनीं तितक्याच निर्विकारपणें पुसून टाकलें. रुग्णवाहिकेचा उल्लेख नव्हता.

बातमीदारावर आमचा राग नाहीं. त्याला चार ओळींची जागा आणि अर्ध्या तासाचा अवकाश. हाताशीं जो शब्द तयार असेल तोच तो लिहिणार. प्रश्न असा कीं, हाताशीं एकच शब्द कां असावा? फाटक पडलें तरी वाहतूक कोंडी, पूर आला तरी वाहतूक कोंडी, वरात रस्त्यांत नाचली तरी वाहतूक कोंडी, दरड कोसळली तरी तीच. घरांत तर याहून सोपें: सगळ्यांस मिळून 'ट्रॅफिक'. हा तर मोठा विनोदी शब्द होऊन बसला आहे. मूळ इंग्रजींत त्याचा अर्थ ये-जा, वर्दळ. आमच्या घरीं 'आज ट्रॅफिक होतं' याचा अर्थ ये-जा बंद होती! उशिरा येणाऱ्या प्रत्येकाला हा शब्द आयताच सांपडला आहे. पूर्वीं उशीर करणाऱ्यास निदान कांहीं तरी कहाणी रचावी लागे.

कोंडी हा शब्द मुळांत वाईट नाहीं. उलट तो इतका चांगला आहे कीं, त्याची अशी दशा व्हावी याचें वाईट वाटतें. कोंडणें ही क्रिया आपोआप होत नाहीं. गुरें कोंडलीं तर तीं कोणीं तरी कोंडवाड्यांत नेऊन घातलेलीं असतात. श्वास कोंडला तर तो धुरानें कोंडतो. लढाईंत तर हा शब्द सेनापतीच्या बुद्धीची साक्ष देतो. बदनापुराहून पश्चिमेस वैजापूर तालुक्यांत पालखेड म्हणून गांव आहे. १७२८ सालच्या फेब्रुवारीअखेर थोरल्या बाजीरावानें निजाम-उल्-मुल्काची तेथें कोंडी केली. त्याच्या तोफा मागें राहिल्या होत्या, बाजीरावानें त्याचें धान्य तोडलें, पाणी तोडलें, आणि मार्चच्या आरंभीं मुंगी-शेवगांव येथें त्यास तह करावा लागला. आतां एखाद्या इतिहासकारानें 'पालखेड येथें निजामाची कोंडी झाली आणि कांहीं दिवसांनीं परिस्थिति सुरळीत झाली' असें लिहिलें, तर आमचे वाचक त्यास काय म्हणतील? बाजीरावाचें नांव कोठें गेलें, असेंच विचारतील ना? मग बदनापूरच्या कोंडीचा कर्ता कोठें गेला, हें विचारण्यास आम्हांस संकोच कां वाटावा? वाटतो याचें कारण उघड आहे. तो कर्ता आमच्यापैकींच असतो.

कोणी म्हणतील, मोटारी हीच मुळीं नवी वस्तु. तिच्या अडचणींस मराठींत शब्द नाहींत, म्हणून इंग्रजीचा आश्रय. हें म्हणणें आम्ही आमच्या शिक्षकखोलींत वारंवार ऐकतों, आणि तें अज्ञानाचें आहे असें स्पष्ट म्हटल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं. रस्त्यांतली दाटी मोटारीहून कितीतरी जुनी आहे. रोम शहरांत ज्यूलियस सीझरच्या वेळच्या कायद्यानें दिवसाच्या बहुतेक वेळीं गाड्या हांकण्यास बंदी घालावी लागली होती. आणि आमचा देश तर बैलगाडीचा! चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनीं पाडलेलें खोबण. आमच्या विचारवंतांस चाकोरीबाहेर पडण्याचा केवढा हव्यास, पण तो शब्द गाडीवानाचा आहे हें कितीजणांच्या ध्यानांत असतें? गाडा रुततो, गाडी अडते, काम कोठें थांबलें हें विचारतांना आपण घोडें कोठें पेंड खातें असें म्हणतों. थांबणें आणि थांबविणें यांच्या बारीकसारीक छटा ज्या भाषेनें इतक्या टिपून ठेवल्या, तिला शब्द नाहींत म्हणावयाचें?

बसमधल्या आजींचा 'खोळंबा' घ्या. खोळंब्यांत वेळ जातो, जीव कंटाळतो, पण दोष कोणाचा असतोच असें नाहीं. रेल्वेचें फाटक पडलें आणि मालगाडी निघून जाईपर्यंत थांबावें लागलें, हा खोळंबा. पुढच्या माणसाचें काम उरकलें कीं आपलें सुरू होतें; त्यावर इलाज असेल तर पुलाचा, शिव्याशापांचा नव्हे. रीघ निराळी. अंगारकी चतुर्थीस जालन्याहून राजूरच्या गणपतीकडे माणसें रात्रभर पायीं चालत असतात. रस्ता फुलून जातो, वाहनें मुंगीच्या पावलांनीं सरकतात. त्यास कोणी कोंडी म्हणेल तर म्हणो, आम्ही रीघ म्हणूं. कारण तिच्यांत लोक चालत असतात, थांबलेले नसतात, आणि त्यांच्यासाठीं वाहनांनीं थांबणें हाच तेथील न्याय असतो. तुंबणें हें पाण्याचें क्रियापद. येणारें जास्त आणि जाण्याची वाट अरुंद, कीं पाणी तुंबलें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्या दिवशीं नाले तुंबले, रस्ते तुंबले, आणि हजारों माणसांनीं रात्र गाड्यांत नाहीं तर रस्त्यांत काढली. एकच क्रियापद पाण्यास आणि वाहनांस लागू पडलें, आणि दोहोंचें कारणही एकच होतें, वाहून जाण्याच्या वाटा आम्हींच बुजविल्या होत्या. शहरांत कचेऱ्या सुटण्याच्या वेळीं रस्ता तुंबतो, तेव्हां त्यास तुंबणेंच म्हणावें; म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनांत निचरा कोठून करावा हा प्रश्न आपोआप उभा राहील.

रेटारेटी ती, जिच्यांत जो तो पुढें घुसूं पाहतो आणि म्हणून कोणीच पुढें जात नाहीं. अडवणूक याहून वाईट; तिच्यांत दुसऱ्याच्या गरजेचा आपल्या सोयीसाठीं उपयोग असतो. मिठाईच्या दुकानासमोर 'दोन मिनिटांत येतों' म्हणून गाडी उभी करणारा सद्गृहस्थ अडवणूकच करतो, पण हा शब्द आम्ही सावकारासाठीं आणि कचेरींतल्या कारकुनासाठीं राखून ठेविला आहे. राहिले रास्ता रोको आणि चक्काजाम. या शब्दांचा हिंदी पेहराव आम्हांस फारसा आवडत नाहीं. परंतु त्यांत एक प्रामाणिकपणा आहे तो मान्य केलाच पाहिजे. आंदोलक रस्ता अडवितो तेव्हां आपण अडवीत आहों, कां अडवीत आहों, आणि किती वाजतां अडविणार आहों, हेंही आधीं सांगतो. पोलीस त्याच्यावर खटला भरतात. तोच रस्ता तितकाच वेळ चार मोटारवाल्यांनीं अडविला कीं ती निव्वळ 'कोंडी' होते आणि तिचा फिर्यादी कोणी नसतो.

इतर लोकांनीं आपापल्या रस्त्यांकडे कसें पाहिलें हेंही या ठिकाणीं सांगण्यासारखें आहे. फ्रेंच लोक बाटलीचे रसिक. रस्ता बंद झाला कीं ते त्यास बूच बसलें म्हणतात. जर्मन त्यास पाण्याच्या बांधाचा शब्द लावतात. ज्या 'जाम'चें आम्हांस एवढें कौतुक, तो अमेरिकेंत नदींतून वाहत येणारे लांकडाचे ओंडके एकमेकांत अडकून पडत त्यासही लावीत. इंग्रजाच्या मनांत तें चित्र उमटत असेल. आमच्या मनांत मुरंबा उमटतो, किंवा आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत 'जाम आवडलें' यांतला जाम उमटतो, जो नुसता 'फार'चा भाऊ आहे. सर्वांत अधिक आश्चर्य आम्हांस हाँगकाँगचें वाटलें. तेथें नोकरीस असलेला आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या दिवाळींत भेटावयास आला होता. तेथील लोकांची बोली कँटोनीज. रस्ता बंद झाला कीं ते 'सक-छे' म्हणतात; सक म्हणजे गच्च बुजणें, छे म्हणजे गाडी. वाहनांच्या लांब रांगेस त्यांचा शब्द 'छे-लुंग', म्हणजे गाड्यांचा अजगर नव्हे, चक्क ड्रॅगन! माणसांच्या रांगेसही तोच प्राणी. आणि जागा नाहीं म्हणून रांग वेटोळें घालूं लागली, तर ते तिला सापाचें वेटोळें म्हणतात. हाँगकाँग १८४२ पासून १९९७ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यांत होतें. १९७४ पर्यंत तेथील राजभाषा एकटी इंग्रजीच होती. कचेरी इंग्रजींत, न्यायालय इंग्रजींत. परंतु रस्त्यांत उभें राहिलेल्या माणसास जें दिसलें त्याला त्यानें आपल्याच डोळ्यांनीं नांव दिलें. मराठवाड्यांतील मराठी माणसास तर इंग्रजांचें थेट राज्य कधीं भोगावेंच लागलें नाहीं. येथें १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाची उर्दू होती. ती उर्दू पचवून मराठवाड्याची मराठी ताठ उभी राहिली. मग तिलाच या एका 'ट्रॅफिक'पुढें मान कां तुकवावी लागावी?

येथें आमच्या पक्षाचे म्हणून कांहीं शुद्धिवादी मित्र उत्साहानें पुढें येतील याची आम्हांस कल्पना आहे. त्यांच्या पोतडींत 'यान-संमर्द', 'मार्गावरोध', 'परिवहन-स्तंभन' असे शब्द तयार असतात. त्यांनीं कृपा करून ते तेथेंच ठेवावे. रुग्णवाहिकेच्या चालकानें 'मार्गावरोध, मार्गावरोध' म्हणून ओरडावें अशी त्यांची अपेक्षा असेल तर रुग्णाचें भवितव्य आम्ही त्यांच्यावरच सोंपवितों. परकीय शब्द आला म्हणून भाषा बाटते असें आमचें मत नाहीं. 'रहदारी' हाच शब्द पाहा. फारसीतून आला, मोगलाईंत तो वाटेवर वसूल करावयाच्या जकातीचा होता, आणि आतां आमच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडींही साध्या ये-जा या अर्थीं इतका रुळला आहे कीं, त्याला कोणी परका म्हटलें तर ते हांसतील. त्यानें आपला मूळ अर्थ टाकून आमच्या गरजेचा अर्थ पत्करला. ट्रॅफिकनें तसें कांहीं केलें असतें तर आमचें त्याच्याशींही वैर नव्हतें. पण तो एकटा येऊन बसला आणि त्यानें खोळंबा, रीघ, दाटी, रेटारेटी, अडवणूक या सर्वांस घराबाहेर काढलें. भाडेकरू आला म्हणून तक्रार नाहीं. त्यानें वडिलार्जित घराच्या पांच खोल्यांची एक खोली केली, ही तक्रार आहे.

शब्दांनीं रस्ते मोकळे होत नाहींत, असा आक्षेप व्यवहारी लोक घेतील. रोगाचें नांव नीट ठेवल्यानें रोग बरा होत नाहीं हें खरें. परंतु चुकीच्या नांवानें तो किती वर्षें बरा होत नाहीं हेंही पाहावें. मलेरिया या शब्दाचा अर्थ वाईट हवा. शतकानुशतकें लोक हवेला दोष देत राहिले, खिडक्या लावून घेत राहिले, आणि डांस सुखानें चावत राहिले. बदनापूर ज्या लोहमार्गावर आहे त्याच्याच दुसऱ्या टोकाला, सिकंदराबाद येथें, १८९७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत रोनाल्ड रॉस यांनीं डांसाच्या पोटांत त्या रोगाचे जंतु पाहिले, तेव्हां कोठें हवा निर्दोष सुटली. 'वाहतूक कोंडी' हें तसलेंच हवेवर ढकललेलें नांव आहे. रोग पांच प्रकारचे, नांव एक, आणि म्हणून औषधही एकच सुचतें: रस्ता रुंद करा!

रस्ते रुंद करून, नवे बांधून पाहिले नाहींत असें नाहीं. बदनापूर तालुक्यांतूनच जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धि महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूरपासून शिर्डीपर्यंत आणि ५ जून २०२५ रोजीं शेवटच्या टप्प्यासह पुरा खुला झाला. तो उत्तम आहे हें आम्हीं त्यावरून प्रवास करून पाहिलें आहे. तासाला १२० किलोमीटरच्या वेगानें आलेली मोटार त्या मार्गावरून खालीं उतरून गांवच्या बाजारांत येते तेव्हां मात्र तिच्या धन्यास क्षणाचाही खोळंबा सोसवत नाहीं. चार मोटारी दुभाजकाच्या फटींतून घुसतात त्या याच अधीरपणानें. १९६८ सालीं डीट्रिख ब्रेस या जर्मन गणितज्ञानें तर असें दाखवून दिलें आहे कीं, रस्त्यांच्या जाळ्यांत नवा रस्ता जोडल्यानें क्वचित् सर्वांचाच प्रवास अधिक लांबतो, कारण जो तो आपल्यापुरती जवळची वाट धरतो.

आमच्या बाजूस प्रतिकूल असा एक पुरावा आहे, तो लपविणें आम्हांस शोभणार नाहीं. २००८ सालीं कांहीं जपानी संशोधकांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार वाटेवर त्यांनीं २२ मोटारी सारख्या वेगानें चालविण्यास सांगितल्या. वाटेंत अडथळा नाहीं, ट्रक मोडलेला नाहीं, मिठाईचें दुकान नाहीं. तरीही थोड्याच वेळांत कोणाचा तरी वेग किंचित् मंदावला, मागच्यानें थोडा अधिक आवरता घेतला, त्याच्या मागच्यानें त्याहून अधिक, आणि अखेर कांहीं गाड्या चक्क उभ्या राहिल्या. ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेनें मागें मागें सरकत राहिली. येथें दोषी कोण? कोणीच नाहीं. तेव्हां म्हातारबुवांचें 'आडवलीय' सर्व ठिकाणीं लागू पडतें असें आम्ही म्हणणार नाहीं. उलट यावरून आमचें म्हणणें अधिकच स्पष्ट होतें. त्या जपानी वर्तुळांत जें घडलें तें अडणें; बदनापुरांत जें घडलें तें अडविणें. एका ठिकाणीं वेग सांभाळण्याची शिकवण उपयोगी, दुसऱ्या ठिकाणीं दंडाची पावती. दोहोंस 'कोंडी झाली' म्हणणारा मनुष्य निरपराध चालकावर अन्याय करतो आणि अपराध्यास मात्र निर्दोष ठरवितो.

आतां आमच्याविषयींही कांहीं सांगितलें पाहिजे. नाहीं तर वाचक म्हणतील, प्राध्यापकमहाशय एस्. टी.नें गेले म्हणून साधु झाले. दोन वर्षांपूर्वीं मोसंबीच्या हंगामांत याच रस्त्यानें आम्ही सहकुटुंब आमच्या मोटारीनें जात होतों. जालन्याच्या मोसंबीस २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, ती घेतल्यावांचून पुढें जाणें म्हणजे पाप, असें आमच्या घरांत सर्वांचें एकमत. गाडी रस्त्याच्या कडेला उभी केली असें आम्ही आजवर सांगत आलों. खरें म्हणजे ती रस्त्यावरच उभी होती. भाव करण्यांत, चव पाहण्यांत आणि नासकीं फळें वेगळीं काढण्यांत किती वेळ गेला हें घड्याळ लावून पाहिलेलें नाहीं. मागें भोंगे वाजूं लागले तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं "अहो, लोक किती उतावळे झालेत!" असे उद्गार काढल्याचें आम्हांस स्पष्ट आठवतें, आणि आम्हीं त्यांस दुजोरा दिला हेंही आठवतें. घरीं पोंचल्यावर उशीर कां झाला म्हणून आमच्या मातोश्रींनीं विचारलें. आम्हीं सांगितलें, "बदनापूरला ट्रॅफिक होतं."

म्हातारबुवांनीं त्या दुपारीं त्या मोटारवाल्याचें बोलणें ऐकून आमच्याकडे पाहिलें, तेव्हां आम्हांस मोसंबी आठवलीं. त्यांना तें ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

व्याख्यानाहून परतल्यावर आम्हीं त्या वृत्तपत्राच्या संपादकांस एक पत्र धाडलें. ट्रक मोडला यांत कोणाचा दोष नाहीं. परंतु चार मोटारींनीं उलट बाजूनें घुसून रस्ता अडविला, दोन मोटारींच्या मालकांनीं दुकानासमोर त्या उभ्या करून त्यांत भर घातली, आणि गांवच्या सहासात माणसांनीं तो मोकळा केला, असें त्यांत क्रमानें लिहिलें. अशी बातमी देतांना कर्त्याचें नांव ठाऊक नसलें तरी कर्ता होता एवढें तरी लिहीत जावें, अशी विनंती केली. आमच्या मोसंबीचाही कबुलीजबाब जोडला. पत्र आठ दिवसांनीं छापून आलें. मोसंबीचा भाग जागेअभावीं गाळलेला होता, आणि वर मथळा होता: 'वाहतूक कोंडीनें प्राध्यापक त्रस्त'.